कटिंगसाठी माध्यम निर्जंतुक करताना: काय तापवायचं, किती आणि काय तसंच ठेवायचं

घरातल्या झाडाची फांदी कापून (हेच कटिंग) आपण ओल्या माध्यमात, म्हणजे कोकोपीट, वाळू, माती अशा मिश्रणात खोचतो, तेव्हा तिला एक उघडी जखम असते आणि पाणी ओढायला एकही मूळ नसतं. मुळं फुटेपर्यंतचे काही आठवडे तिला दमट हवा, ऊब आणि सततचा ओलावा लागतो. मुळं कुजवणाऱ्या बुरशींनाही नेमकं हेच लागतं. वाढलेलं झाड चार मुळं गमावूनही सावरतं; कटिंगकडे गमवायला काहीच नसतं. म्हणून एरवी कुंडी भरताना फारशी न पाहिली जाणारी गोष्ट इथे निर्णायक ठरते: माध्यम स्वच्छ आहे की नाही.

हे कळल्यावर नवखे लोक बहुधा सगळं मिश्रण एकत्र करून ओव्हनमध्ये ठेवतात आणि जितकं जास्त तापेल तितकं बरं असं समजतात. दोन्ही टाळायला हवं. मिश्रणातल्या अनेक घटकांना आच द्यावी लागतच नाही, काही घटक तापवल्याने बिघडतात, आणि ज्यांना तापवायचं त्यांना उकळत्या पाण्यापेक्षा कमी तापमान पुरतं. माझा सगळा भर यावरच आहे: कमीत कमी गोष्टी तापवा, बेताने तापवा आणि नंतरची स्वच्छता मात्र काटेकोर पाळा.

नेमकं कोणाला मारायचं आहे?

पिथियम, रायझोक्टोनिया, फायटोप्थोरा, फ्युजारियम ही कुजवणाऱ्या बुरशींची नावं लक्षात ठेवली नाहीत तरी चालेल, त्यांची खूण लक्षात ठेवा. कटिंगचा बुडखा काळा पडून मऊ होतो, किंवा बियांपासून आलेली कोवळी रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. शिवाय मातीत सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म धाग्यासारखे कृमी) असतात, तणांच्या बिया असतात आणि कुंडीभोवती घोंघावणाऱ्या बारीक काळ्या चिलटांची अंडी-अळ्या असतात. या अळ्यांचं मुख्य खाणं बुरशी आणि कुजका पालापाचोळा. पण नुकत्या फुटलेल्या मुळ्याही त्या सोडत नाहीत.

ओल्या मातीत अर्धा तास टिकवलेल्या तापमानाचा हिशेब साधारण असा आहे. पिथियमसारख्या पाण्यात वाढणाऱ्या बुरशी ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच मरतात. ६० अंशांपर्यंत बहुतेक रोगकारक बुरशी, जीवाणू आणि सूत्रकृमी संपतात. ७० पर्यंत मातीतले किडे, ८० पर्यंत बहुतेक तणांच्या बिया. तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूसारखे काही चिवट मात्र १०० च्या जवळपास जाईपर्यंत तग धरतात, पण घरातल्या कटिंगसाठी तिथवर जायची गरज नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५७ मध्ये केनेथ बेकर यांच्या संपादनाखाली कुंडीतल्या रोपांवर एक पुस्तिका काढली. रोपवाटिकांमध्ये स्वच्छ माध्यमाची शिस्त रुजवण्यात तिचा मोठा वाटा आहे. पुढे बेकर यांनी वाफेत हवा मिसळून माती ६० अंशांवर ३० मिनिटं ठेवायची पद्धतही मांडली. घरी इतकं अचूक तापमान राखता येत नाही, मातीच्या ढिगात कुठे जास्त तापतं, कुठे कमी. म्हणून आपण थोडं वरचं लक्ष्य धरायचं: ढिगाच्या मध्यभागी ८० अंश, ३० मिनिटं.

यापुढे का जायचं नाही, हे समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतील.

पहिलं कारण रासायनिक आहे. मातीत सेंद्रिय पदार्थ मोडून अमोनिया तयार करणारे काही जीवाणू बीजाणूंच्या (टणक सुप्त पेशींच्या) रूपात उष्णता सहन करतात. त्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू मात्र लगेच मरतात. परिणामी अमोनिया साठत जातो आणि कोवळी मुळं जळतात. जास्त तापलेल्या मातीत, विशेषतः आम्लधर्मी मातीत, मँगेनीजही विषारी प्रमाणात मोकळं होतं. खत किंवा कंपोस्ट जितकं जास्त, तितका हा धोका मोठा.

दुसरं कारण जैविक. रोगकारक बुरशींना आळा घालणारे निरुपद्रवी सूक्ष्मजीव मातीत भरपूर असतात आणि त्यातले बरेच ६०-८० अंशांतून वाचतात. माती पुरती निर्जीव केली की ती रिकामी जागा होते. मग नळाच्या पाण्यातून, हातातून, जुन्या कुंडीतून जो पहिला येईल तो बेफाम पसरतो, आणि पिथियम आला तर तो न तापवलेल्या मातीपेक्षा अशा मातीत जास्त वेगाने वाढतो. प्रयोगशाळेतलं १२१ अंशांचं निर्जंतुकीकरण ऊतिसंवर्धनासाठी (बाटलीत पेशींपासून रोपं वाढवण्यासाठी) आहे, कुंडीसाठी नाही.

घटक एकेक करून पाहू

पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीच्या काचेला ८५०-९०० अंशांना लाहीसारखं फुलवलेलं. व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखं खनिजही भट्टीतूनच फुलून येतं. भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या तर हजार अंशांच्या वर भाजलेल्या असतात. न उघडलेल्या पिशवीतलं हे सगळं तुम्ही घरी करू शकाल त्यापेक्षा स्वच्छ असतं. तापवण्यात वेळ घालवू नका. पिशवी उघडल्यावर तोंड घट्ट बांधा आणि मातीने भरलेला डाव त्यात घालू नका, एवढंच. पर्लाइट ओतण्याआधी पिशवीतच थोडं पाणी शिंपडा, कारण त्याची बारीक धूळ घशात आणि फुप्फुसात जाऊ नये.

कोकोपीटच्या बाबतीत जंतूंपेक्षा क्षारांची काळजी जास्त. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम बरंच असतं, त्यामुळे ते दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून पिळून काढणं महत्त्वाचं. बंद वेष्टनातली वीट असेल तर एवढं पुरे. सुटं किंवा उघड्यावर पडलेलं कोकोपीट असेल तर त्याला उकळत्या पाण्याची पद्धत वापरा, ती पुढे दिली आहे.

स्फॅग्नम मॉस (दलदलीतलं वाळवलेलं शेवाळ) स्वभावतःच आम्लधर्मी असतं आणि त्यात रोगकारक बुरशी सहसा माजत नाहीत. ते ओव्हनमध्ये घालू नका. गरम पाण्यात भिजवून पिळलं की काम झालं. मॉस हाताळताना हातमोजे जरूर घाला: त्यात स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते आणि खरचटलेल्या त्वचेतून तिचा संसर्ग होतो.

जाड वाळू आधी पाणी नितळ येईपर्यंत धुवा. तिच्यात सेंद्रिय पदार्थ नसल्याने तापमान थोडं वर गेलं तरी अमोनियाची भीती नाही. पातेल्यात पाणी घालून उकळली तरी चालते. फक्त वाळू उष्णता फार वेळ धरून ठेवते. वरून गार वाटली तरी मध्ये हात घालू नका.

सालीचे तुकडे उकळत्या पाण्यात बुडवून, ते पाणी टाकून द्यायचं. कोळसा नुसता धुवायचा.

गांडूळखत, शेणखत, कंपोस्ट या तिघांना आच दाखवू नका. त्यांची किंमत त्यांच्यातल्या सजीवांमुळे आहे. तापवलं की ते सजीवही जातात आणि अमोनियाही तयार होतो. मुळात कटिंगच्या माध्यमात ती घालूच नयेत असं माझं ठाम मत आहे. मुळं फुटताना कटिंग स्वतःच्या साठ्यावर जगतं, खत ओढायला तिच्याकडे मुळं नसतात. दाण्याचं मंद सुटणारं खत मिसळलेलं तयार मिश्रणही तापवू नका: दाण्यांचं आवरण उष्णतेने निकामी होतं आणि सगळं खत एकदम सुटतं.

राहिली बागेतली किंवा जुन्या कुंडीतली माती. खरं तापवायचं असतं ते हिलाच. इंग्लंडमधल्या जॉन इनस संस्थेत १९३० च्या दशकात विल्यम लॉरेन्स आणि जे. न्यूएल यांनी रोपांच्या मरतुकीवर काम करताना हाच निष्कर्ष काढला होता: पोयट्याची माती वेगळी वाफवायची, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) आणि वाळू तशीच घ्यायची आणि खत सगळ्यात शेवटी. पीटच्या जागी आपण कोकोपीट घेतो, पण क्रम तोच.

आणि हे वाचून कोणाला वाटेल की मग माती वगळूनच टाकावी, तर उत्तर हो असंच आहे. पहिल्यांदा कटिंग लावणाऱ्यांनी धुतलेलं कोकोपीट आणि पर्लाइट निम्मं-निम्मं घ्यावं. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, ट्रॅडेस्कँशिया यांना एवढं भरपूर झालं. आफ्रिकन व्हायोलेट, बिगोनिया, पेपेरोमिया यांच्या पानांपासून रोपं करायची असतील तर मात्र स्वच्छतेत कुठेही ढिलाई करू नका, कारण पान आठवडेन्‌आठवडे ओल्यात पडून असतं.

माती तापवायची तयारी

जाड चाळणीने माती चाळा. काड्या, जुनी मुळं, खडे, तारेचे तुकडे काढून टाका. ढेकळं फोडलीच पाहिजेत. ढेकळाच्या पोटात उष्णता वेळेत पोचत नाही.

मग पाणी शिंपडून ती वाफशावर आणा. मूठभर माती दाबली की तिचा गोळा व्हावा, बोटाने टोकरला की तो फुटावा आणि बोटांमधून पाणी गळू नये. कोरडी माती तापवण्यात काही अर्थ नाही. ओल्या उष्णतेने जीव लवकर मरतात, कोरड्यात बीजाणू टिकून राहतात. घाई नसेल तर माती आठवडाभर अशीच ओलसर झाकून ठेवा. तेवढ्यात तणांच्या बिया फुगतात आणि बीजाणू जागे होतात, मग ते कमी उष्णतेलाही बळी पडतात. तयारीतली ही एक पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि नेमकी तीच घाईत गाळली जाते.

एक थर्मामीटर लागेल, सळई असलेला, १०० अंशांपर्यंत मोजणारा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो चाळिशीच्या थोडा पुढे गेला की संपतो. थर्मामीटरशिवाय हे काम अंदाजाने करता येतं, पण मग बहुधा माती जास्तच तापते.

ओव्हनमध्ये

पसरट ट्रेमध्ये माती १० सेंटिमीटरपेक्षा जास्त जाडीची नको. वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवा, म्हणजे ओलावा आतच राहील. फॉइलला छिद्र पाडून थर्मामीटरची सळई मातीच्या बरोबर मध्यावर खुपसा. ओव्हन ९०-९५ अंशांवर लावा. मध्यभाग ८० वर आला की तिथून ३० मिनिटं मोजा. ट्रे आत ठेवल्यापासून मोजायची नाहीत, कारण मध्यभाग तापायलाच बराच वेळ जातो. पारा ९० च्या पुढे सरकू लागला तर आच कमी करा किंवा दार जरा उघडा. ओल्या मातीचा उग्र वास घरभर पसरतो, तेव्हा खिडक्या आधीच उघडून ठेवा.

वाफेवर

मोठं झाकणाचं पातेलं, तळाशी चार-पाच सेंटिमीटर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर मातीचं उथळ भांडं. भांड्यावर फॉइल घाला, नाहीतर झाकणावरचं पाणी ठिबकून चिखल होईल. वाफ सुरू झाली की आच मंद करा आणि इथेही मध्यभाग ८० ला पोचल्यापासून अर्धा तास.

कुकर वापरणार असाल तर शिट्टी न लावता, नुसता वाफेचं भांडं म्हणून वापरा. शिट्टी लावल्यावर आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, जे आपल्याला नको आहे. शिवाय मातीचा कण वाफेच्या वाटेत अडकला तर कुकर धोकादायक होतो. माती कुकरच्या तळात थेट कधीही ओतू नका. या कामासाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात न घेतलेली बरी.

मायक्रोवेव्हमध्ये

थोडीच माती हवी असेल तर ही पद्धत सोयीची. मायक्रोवेव्ह पाण्याच्या रेणूंना तापवतो, त्यामुळे ओलावा इथे दुप्पट महत्त्वाचा. कोरडी माती असमान तापते आणि पेटूही शकते. काचेच्या किंवा मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात किलोभर माती घ्या, झाकण सैल ठेवा. फॉइल अजिबात नको. पूर्ण शक्तीवर ९० सेकंद द्या, ढवळा, तापमान पाहा, मग ३०-३० सेकंद देत ८०-८५ अंशांवर आणा. बाहेर काढून झाकण लावा आणि भांडं जाड टॉवेलमध्ये अर्धा तास गुंडाळून ठेवा. प्रत्येक मायक्रोवेव्हची शक्ती वेगळी असते, तेव्हा पहिल्या खेपेला लागलेला वेळ लिहून ठेवा.

उकळतं पाणी

कोकोपीट, मॉस आणि साल यांच्यासाठी हे पुरेसं आहे, मातीसाठी नाही. धातूच्या बादलीत कोकोपीट घ्या, वरून उकळतं पाणी इतकं ओता की सगळं बुडेल, लगेच झाकण ठेवा आणि बादलीभोवती जुनं पांघरूण गुंडाळा. पाणी ओतताच तापमान झपाट्याने उतरतं. झाकण आणि पांघरूण नसेल तर चिलटांच्या अळ्या मरतील, पण त्यापलीकडे फारसं काही साधणार नाही. गार झाल्यावर पिळा, पाणी टाकून द्या. धुण्याचं आणि निर्जंतुक करण्याचं काम एकाच वेळी होतं.

उन्हात

माती जास्त असेल आणि कडक उन्हाळा असेल तर सूर्य फुकटात काम करतो. १९७६ मध्ये इस्राएलच्या जाकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतजमिनीसाठी ही पद्धत मांडली: ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक पसरून तिला आठवडेच्या आठवडे तापू द्यायचं. जमिनीत चार ते सहा आठवडे लागतात. कुंडीची माती मात्र पारदर्शक पिशवीत पातळ थरात भरून, सर्व बाजूंनी ऊन मिळेल अशी, जमिनीपासून जरा उंच ठेवली तर खूप लवकर तापते. वरून दुसरं पारदर्शक प्लास्टिक घातलं, मधे हवेचा थर राहू दिला, तर आणखी. मध्यभागी ७० अंश अर्धा तास किंवा ६० अंश एक तास मिळाले की पुरे. थर्मामीटरने खात्री करा, आणि हे तापमान गाठत नसेल तर ऊन कितीही लागलं तरी ही माती कटिंगसाठी धरू नका, मोठ्या झाडांना वापरा.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल नेहमी विचारलं जातं. ते मातीतल्या सेंद्रिय पदार्थांना भिडताच मोडतं आणि पाणी व ऑक्सिजन होऊन जातं. ३ टक्क्यांचं द्रावण शिंपडून माती निर्जंतुक होत नाही. ब्लीच तर माध्यमात कधीच नको.

तापवल्यानंतर

मेहनत वाया जाते ती इथे. माती झाकणासकटच गार होऊ द्या. उघडी ठेवली तर हवेतल्या बीजाणूंना मोकळं रान मिळतं. गार झाली की स्वच्छ डब्यात भरा, तारीख लिहा आणि काही आठवड्यांत संपवा. ढवळायला वापरलेला जुना उलथना किंवा न धुतलेलं घमेलं या एकाच गोष्टीने आधीचं सगळं काम पुसलं जातं.

जुन्या कुंड्या आधी घासून धुवा, कारण चिकटलेल्या मातीवर ब्लीचचं काही चालत नाही. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात किमान १० मिनिटं बुडवा आणि खळखळून धुवा. हे द्रावण ताजंच करा, त्यात व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो. कात्री आणि ब्लेड प्रत्येक झाडानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

माती जास्त तापली अशी शंका असेल, म्हणजे करपट वास आला किंवा पारा ९५ च्या वर गेलेला दिसला, तर ती भरपूर पाण्याने धुऊन निथळा आणि दोन-तीन आठवडे ठेवा. त्यानंतर एका वाटीत मुळ्याच्या किंवा लेट्यूसच्या बिया पेरून बघा. रोपं सरळ वाढली आणि मुळांची टोकं पांढरी राहिली तर माती वापरायला हरकत नाही. टोकं तपकिरी झाली तर ती माती कटिंगला नको.

कधीकधी तापवलेल्या मातीवर आठवड्याभरात नारिंगी-गुलाबी किंवा तपकिरी बुरशीचा थर येतो. घाबरून फेकू नका. पायरोनेमा आणि पेझिझा जातीच्या या बुरशी तापलेल्या मातीवरच हमखास उगवतात, कारण तिथे त्यांना कोणी स्पर्धक उरलेला नसतो. त्या रोपाला खात नाहीत. थर खरवडून काढा, वरचा पृष्ठभाग जरा सुकू द्या.

ट्रायकोडर्मा वापरायचं असेल तर माती पूर्ण गार झाल्यावर, कटिंग लावण्याच्या आधी मिसळा. रिकाम्या झालेल्या जागेत चांगल्या बुरशीला आधी बसवण्याचा हा सरळ उपाय आहे. वेष्टनावरचं प्रमाण पाळा आणि मुदत तपासा.

कोरडं मिश्रण चाळताना, ओतताना तोंडावर मास्क ठेवा आणि काम झालं की हात साबणाने धुवा. कंपोस्ट आणि कुंडीच्या तयार मिश्रणांत लिजिओनेला लाँगबीची हा जीवाणू आढळतो. त्याची धूळ श्वासातून गेल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. वृद्धांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर हे काम दुसऱ्याकडे सोपवावं.

एवढं करूनही कटिंग कुजलं तर आधी पाण्याकडे पाहा. कितीही स्वच्छ माध्यम सतत गच्च ओलं राहिलं की बुडख्याला हवा मिळत नाही आणि पेशी आपल्याआपच मरू लागतात; बुरशी नंतर येते. पर्लाइट वाढवा, कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नका, प्लास्टिकचं झाकण रोज थोडा वेळ उघडा. चिलटं दिसली तर पिवळे चिकट सापळे लावा आणि पाण्यातून बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जीवाणू द्या, तो अळ्यांना मारतो आणि मुळांना धक्का लावत नाही.

मुळं तीन-चार सेंटिमीटरची झाली आणि त्यांना फाटे फुटले की रोप नेहमीच्या मिश्रणात हलवा. त्या कुंडीसाठी काहीच तापवायचं नाही. आता गांडूळखत घाला, कंपोस्ट घाला. इतके दिवस दूर ठेवलेले ते सूक्ष्मजीव यापुढे रोपाच्या उपयोगाचे आहेत.